वैमानिकाची पहिली नोकरी : जुहूच्या मैदानापासून आजच्या चाळणीपर्यंत



ज्यांची मुलं शारजा-दुबईच्या शाळांत आहेत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीच्या निमित्ताने शारजाचं अल महत्ता म्युझियम पाहिलं असेल. नसेल तर एखाद्या शनिवारी जरूर जाऊन या. किल्ल्यासारखी बसकी इमारत, आत जुनी विमानं, आणि बाहेरचा किंग अब्दुल अझीझ रस्ता म्हणजे त्या काळची धावपट्टी. ऑक्टोबर १९३२ मध्ये इंपीरियल एअरवेजचं विमान इथे उतरलं आणि आजच्या अमिरातीच्या भूमीवरचा पहिला विमानतळ सुरू झाला. लंडनहून कराचीला निघालेले प्रवासी रात्री इथे मुक्काम करायचे.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ ला, कराचीहून जे.आर.डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन 'पस मॉथ' या एका इंजिनाच्या विमानातून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. जुहूहून तेच टपाल नेव्हिल व्हिंटसेंटने बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. आपल्याकडच्या नियमित विमानसेवेचा जन्म तो हा. (जुहू आणि विमान म्हटलं की काही जणांना लगेच चौपाटीवरचे तळपदे आठवतात. तो वाद आज नको, त्याला वेगळा अंक लागेल!)

ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकली आहे. मला त्यातल्या एका वेगळ्याच बाजूबद्दल लिहायचं आहे. परवाना हातात आलेल्या नवख्या वैमानिकाला पहिली नोकरी कोण देत होतं, काय बघून देत होतं, आणि ते बघणं गेल्या नव्वद वर्षांत कसं बदललं?

कारण घरचंच आहे. माझा भाचा खानदेशातला. दोनशे तासांचं उड्डाण पूर्ण करून त्याने परवाना मिळवला. भावोजींनी त्यासाठी प्लॉट विकला, वर कर्ज काढलं. दोन कंपन्यांच्या निवडीत तो बसला. एका ठिकाणी लेखी झाली आणि संगणकावरच्या चाचणीत गळला, दुसऱ्या ठिकाणी ग्रुपमध्ये. कारण कोणी सांगत नाही, आपलं नाव यादीत नसतं एवढंच कळतं. ताईचा फोन आला की प्रश्न एकच: "अरे, परवाना सरकारने दिलाय ना? मग त्याच्यात कमी काय आहे?" मी सॉफ्टवेअरवाला माणूस, विमानात फक्त खिडकीशी बसतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचत गेलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१) जुहूचे दिवस : चाळणी होती खिशाची

मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. जे.आर.डीं.ना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला, आणि हिंदुस्थानात दिलेला तो पहिला, क्रमांक १. तेव्हा उडायला शिकायचं तर क्लबचं सभासद व्हायचं. सरकार क्लबांना थोडंफार अनुदान देत असे, तरी तासाचे पैसे मोजायची ऐपत लागायचीच. त्यामुळे सुरुवातीच्या नावांत संस्थानिक, गिरणीमालक, मोठे अधिकारी यांची मुलं जास्त दिसतात. कुणी नापास केलं म्हणून नव्हे, तर बाकीचे क्लबच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत म्हणून.

टाटांची टपालसेवा सुरू झाली तेव्हा तिच्याकडे दोन विमानं होती, पूर्ण वेळ नोकरीवर एक वैमानिक, मदतीला स्वतः जे.आर.डी. आणि व्हिंटसेंट. भरतीचा विभाग वगैरे कुठला असणार? जो माणूस रोज समोर उडताना दिसतो त्यालाच घ्यायचं. आणि ते चुकीचंही नव्हतं. विमानात रेडिओ नाही, जमिनीवर दिवे नाहीत, पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. अशा ठिकाणी हवं काय? नजर, रस्त्याची ओळख, आणि हवामान बिघडलं तर परत फिरायची अक्कल. या तिन्ही गोष्टी क्लबातल्या लोकांना माहीत असायच्या. त्या छोट्या सेवेने पहिलं वर्ष १०० टक्के वेळेवर पूर्ण केलं.

त्याच काळातली एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून इथेच सांगतो. १९३० साली आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. जे.आर.डी. इकडून तिकडे निघाले, अस्पी इंजिनियर नावाचा कोवळा तरुण तिकडून इकडे. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. जे.आर.डीं.नी आपल्याकडचा प्लग त्याला दिला. शर्यत अस्पीने जिंकली. हाच अस्पी इंजिनियर १९६० मध्ये भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

२) युद्धाने आणलेली परीक्षा

दुसऱ्या महायुद्धात हे 'ओळखीतून घेणं' कोसळलं. एकदम हजारोंनी वैमानिक हवे होते, आणि शिकता शिकता गळणारा प्रत्येक मुलगा म्हणजे वाया गेलेलं पेट्रोल, विमान, कधी कधी जीव. अमेरिकेच्या वायुसेनेत जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली मोठा गट बसला आणि त्यांनी चाचण्यांचा संच तयार केला: काठी आणि पायपट्टी हलवून दिवे जुळवायचे, नकाशे वाचायचे, तक्ते भराभर पाहायचे. सगळ्याचा मिळून १ ते ९ असा एक आकडा यायचा. त्याला 'स्टॅनाइन' म्हणत.

पण मला त्यांचं सगळ्यात आवडलेलं काम वेगळं आहे. १९४३ मध्ये त्यांनी हजाराहून जास्त उमेदवारांना सगळ्या चाचण्या दिल्या आणि निकाल काहीही येवो, सगळ्यांना प्रशिक्षणाला पाठवलं. आकडा १ असलेलेही गेले. का? कारण त्याशिवाय चाचणी खरी की खोटी हे कळणारच नाही. निकाल असा आला की आकडा जसा उतरत जातो तसं पास होण्याचं प्रमाण झपाट्याने कोसळतं. म्हणजे चाचणी कामाची होती. पण तळाच्या आकड्यांतूनही थोडे जण व्यवस्थित वैमानिक होऊन बाहेर पडले.

आपल्यासारख्या लोकांना हे लगेच समजेल. स्पॅम फिल्टरने चुकून चांगलं पत्र जंक फोल्डरमध्ये टाकलं, तर निदान तो फोल्डर उघडून बघता येतो. नोकरीच्या चाळणीला असा फोल्डर नसतो. चुकीचा माणूस आत घेतला तर ते कधी ना कधी उघड होतं. योग्य माणूस बाहेर ठेवला तर ते कोणालाच, कधीच कळत नाही. फ्लॅनगनच्या लोकांनी एकदाच तो फोल्डर उघडून दाखवला. कुठलीही विमान कंपनी हा प्रयोग करणार नाही, आणि प्रवासी म्हणून आपणही तो करू देणार नाही! पण या धंद्यातला प्रत्येक नकार अर्ध्या माहितीवर दिलेला असतो, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आपल्या वायुदलानेही पुढे असाच संच आणला, 'पीएबीटी' नावाचा. उपकरणांचे डायल वाचायची लेखी परीक्षा आणि जोडीला हातापायांचा मेळ पाहणारी यंत्रं. आपल्या पिढीतल्या ज्यांनी एसएसबीच्या वाऱ्या केल्या त्यांना त्याची धास्ती आठवत असेल, कारण संधी आयुष्यात एकदाच. नंतर त्याची जागा संगणकावरच्या 'सीपीएसएस'ने घेतली, पण एकदाच संधीचा नियम राहिला.

३) आठ नकार

युद्ध संपल्यावर शिल्लक डाकोटा विमानं स्वस्तात विकली गेली आणि देशात विमान कंपन्यांचं पीक आलं. १ ऑगस्ट १९५३ पासून देशांतर्गत कंपन्या मिळून सरकारी इंडियन एअरलाइन्स झाली. मधल्या धामधुमीच्या वर्षांत वायुदलातून सुटलेले अनुभवी वैमानिक मुबलक होते. नवख्यांना जागा कमी. आणि नवखी जर बाई असेल तर?

प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळवला. आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला असं नोंदलेलं आहे. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतलं. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. पण विमानाचं कप्तानपद काही त्या कंपनीने दिलं नाही. त्या बिर्लांच्या खासगी विमानावर गेल्या आणि १९५३ नंतर इंडियन एअरलाइन्समध्ये.

दुर्बा बॅनर्जी त्यांच्या मागून आल्या. त्या वेळच्या मंत्र्यांनी त्यांना "हवाई सुंदरी का होत नाही?" असं सुचवलं होतं, ही हकीकत अनेकदा छापून आली आहे. १९६६ मध्ये त्या इंडियन एअरलाइन्सच्या कॉकपिटमध्ये बसल्या आणि निवृत्त होईपर्यंत उडत राहिल्या.

मग आपल्या सौदामिनी देशमुख. १९८० मध्ये त्या इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता-सिलचर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान सगळ्या महिला कर्मचाऱ्यांनी नेलं, त्याच्या कप्तान त्या होत्या आणि शेजारी सहवैमानिक निवेदिता भसीन. १९९० च्या सुरुवातीला भसीन सव्वीसाव्या वर्षी जेट विमानाच्या कप्तान झाल्या.

या नावांची यादी महिला दिनाच्या भाषणात येते तशी मला द्यायची नाही. माझा मुद्दा चाळणीचा आहे. ज्या आठ ठिकाणी माथुरबाईंना नाही म्हटलं गेलं, तिथल्या लोकांना खात्रीच असणार की आपण बरोबर करतोय. त्यांच्याकडे पुरावा काय होता? बायका चांगल्या उडवत नाहीत याचा पुरावा म्हणजे कॉकपिटमध्ये बायका नाहीत! नकार स्वतःच स्वतःला बरोबर ठरवत राहतो. आज भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. जंक फोल्डर उघडला गेला तो असा, चाळीस वर्षं लावून.

४) दुबईच्या वाटेवरचे तीन अपघात

आता त्या 'ग्रुप'कडे येतो, जिथे माझा भाचा गळला. वैमानिक घ्यायचा आणि त्याला टेबलाभोवती सहा जणांत बसवून गप्पा मारायला लावायचं, हे काय खूळ? भावोजींचा पहिला संताप यावरच होता. याचं उत्तर समजायला आपल्याला लांब जायला नको, आपण ज्या मार्गावर दर सुट्टीत ये-जा करतो तिथेच ते आहे.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून रात्री दुबईसाठी निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. ज्यांचे काका-मामा त्या पहिल्या लाटेत गल्फला आले त्यांच्या घरी ही आठवण अजून निघते. कप्तानासमोरचं, विमान कललं आहे की सरळ ते दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. विमान सरळ झालं तरी ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं, म्हणून कप्तान डावीकडे वळवत गेला. काळोख, खाली समुद्र, क्षितिज दिसत नाही. दुसरी उपकरणं कॉकपिटमध्ये होती. फ्लाइट इंजिनियरने तिकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ उरला नव्हता.

२२ मे २०१०. दुबईहून मंगळूरला गेलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १५८ मृत्यू, आठ जण वाचले. चौकशीत स्पष्ट आलं की सहवैमानिकाने तीन वेळा परत वर घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि कप्तानाने उतरणं चालूच ठेवलं.

७ ऑगस्ट २०२०. कोविडच्या दिवसांत दुबईहून आपली माणसं घेऊन निघालेलं विमान कोझिकोडला पावसात उतरलं आणि धावपट्टीच्या पलीकडे गेलं. २१ मृत्यू. याही अहवालात तेच: शेजाऱ्याने परत वर घ्या म्हटलं, विमान उतरतच राहिलं, आणि शेजाऱ्याने ताबा स्वतःकडे घेतला नाही.

गेलेल्या माणसांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. त्या त्या क्षणी त्यांच्या जागी आपण नव्हतो. पण ४२ वर्षांतले हे तीन अहवाल एकापुढे एक ठेवले की प्रश्न दिसतो. हात चांगले आहेत का, हा प्रश्न अर्धाच आहे. धाकट्याने बोललेलं थोरल्याच्या कानात शिरतं का, आणि शिरलं नाही तर धाकटा पुढे काय करतो, हा उरलेला अर्धा.

जगाला हे आधी कळलं होतं. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन जंबो धडकून ५८३ माणसं गेली. १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक विमान चाकाच्या बिघाडाचा विचार करता करता इंधन संपून पडलं. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने बैठक घेतली, आणि तिच्यातून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण निघालं. ते 'सीआरएम' म्हणून ओळखलं जातं. प्रशिक्षणात जी गोष्ट शिकवायची, ती निवडतानाच थोडीफार असलेली बरी, म्हणून ती भरतीत आली. तो ग्रुप तिथून आला.

आणि इथे आपल्या घरांचाही संबंध येतो, मंडळी. "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये" हे ऐकत आपण वाढलो. ज्या मुलाला वीस वर्षं हे शिकवलं, त्याच्याकडून एकविसाव्या वर्षी अपेक्षा अशी की पंचावन्न वर्षांच्या कप्तानाला, अदब न सोडता, पण ठणकावून सांगायचं: "सर, वर घ्या." भाचा ग्रुपमध्ये फार बोलला नाही, असं त्यानेच सांगितलं. मोठ्या आवाजाची दोन मुलं बोलत होती, हा ऐकत होता. आमच्याकडे याला संस्कार म्हणतात.

५) आजची चाळणी कशी असते

आमच्या अल बर्शात, मॉल ऑफ द एमिरेट्सच्या मागच्या गल्ल्यांत, विमानवाले बरेच राहतात. आमच्या इमारतीतही आहेत. त्यातल्या एका शेजाऱ्याने शांतपणे बसून सगळं समजावलं. एमिरेट्सचं पहिलं विमान २५ ऑक्टोबर १९८५ ला दुबईहून कराचीला गेलं, तेही पाकिस्तानच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेलं. सुरुवातीच्या ठिकाणांत आपली मुंबई होती. आज इथल्या मोठ्या कंपन्यांच्या थेट भरतीत ताज्या परवान्याला जागा नसते, मोठ्या विमानांचा अनुभव मागतात. नवख्यांसाठी कॅडेट योजना आहेत, त्यातल्या काही फक्त अमिरातीच्या नागरिकांसाठी. त्यामुळे आपल्या मुलांची पहिली नोकरी बहुधा भारतातच. तिथल्या पायऱ्या साधारण अशा:

एक, कागदपत्रं. परवाना, वैद्यकीय दाखला, लॉगबुक, इंग्रजीचा किमान चौथ्या पातळीचा दाखला.

दोन, लेखी. हवामान, नेव्हिगेशन, नियम, इंजिन. डीजीसीएच्या परीक्षेला पाठ केलेलं इथे पुरत नाही, 'असं का' विचारतात.

तीन, संगणकावरची चाचणी. एका हाताने काठी धरून हलता ठिपका चौकटीत ठेवायचा, त्याच वेळी कानात आकडे, दुसरीकडे तोंडी गणितं. प्रत्येक काम सोपं असतं. सगळी एकदम आली की माणूस कुठलं सोडतो आणि परत कधी उचलतो, हे बघतात. जोडीला स्वभावाची प्रश्नावली. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान डोंगरावर नेऊन १५० जणांचा जीव घेतला, त्यानंतर युरोपात नोकरीआधी मानसिक तपासणी सक्तीची झाली.

चार, ग्रुप. एखादा प्रश्न सोडवायला देतात. उत्तर बरोबर आलं की नाही याला फार किंमत नसते. गप्प बसलेल्या मुलाला "तुला काय वाटतं?" असं कोणी विचारलं का, स्वतःचं चुकलेलं दिसल्यावर कोणी सोडून दिलं का, वेळ संपत आली हे कोणी बोललं का, हे टिपून घेतात. शेजारी हे सांगत होता तेव्हा मला अस्पीचा स्पार्क प्लग आठवला. १९३० मध्ये जे.आर.डीं.ची ग्रुप टेस्ट झाली असती तर त्या एका प्लगवर ते पास झाले असते.

पाच, सिम्युलेटर. नवख्याने एअरबस सफाईने उडवावी अशी अपेक्षा नसते. पहिल्या फेरीत सांगितलेली चूक दुसऱ्या फेरीत सुधारली का, हे पाहतात.

सहा, मुलाखत.

यात तासांचा मुद्दा राहिला. अमेरिकेत २००९ मध्ये बफेलोजवळ एक छोटं विमान पडलं आणि ५० जण गेले. त्यानंतर २०१३ पासून तिथे नोकरीला साधारण १,५०० तास लागतात. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघांकडेही १,५०० हून जास्त तास होते. उलट बाजूला २००६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत 'एमपीएल' नावाचा परवाना आला, ज्यात लहान विमानाचे तास कमी आणि दोघांच्या कॉकपिटचा सिम्युलेटर जास्त. एक म्हणतो तास मोजा, दुसरा म्हणतो काय शिकला ते मोजा. भारत दोनशे तासांवर उभा आहे.

आणि तास मोजले की तास खोटेही लिहिले जातात. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक विमान पुढच्या चाकावर उतरवलं गेलं. त्यानंतर कागद तपासायला घेतले तर बनावट गुणपत्रिका सापडल्या, काही ठिकाणी न उडलेले तास लॉगबुकात सापडले, अटका झाल्या. २००८ च्या मंदीनंतर परवाना असून बेकार बसलेल्यांची गर्दी होती. अशा गर्दीत चाळणी फक्त कागदाची राहिली की कागदाचा बाजार उभा राहतो. म्हणून ताईला मी हेही सांगितलं की संगणकाची, ग्रुपची, सिम्युलेटरची परीक्षा कितीही जाचक वाटली तरी ती प्रामाणिक पोराच्या बाजूची आहे. तिथे विकत घेतलेली गुणपत्रिका कामाला येत नाही.

६) आधी निवड की आधी खर्च?

इतक्या वाचनानंतर मला खरा बदल वाटला तो हा. लुफ्तान्साने १९५६ मध्ये ब्रेमेनला शाळा काढली, ब्रिटिशांनी १९६० मध्ये हॅम्बलला. रीत अशी की आधी चाचण्या घेऊन मुलगा निवडायचा, मग शिकवायचं, आणि हॅम्बलसारख्या ठिकाणी शिकवण्याचा मोठा भार विमान कंपन्यांवर. मुलगा पुढे गळला तर नुकसान कंपनीचं. म्हणून निवड करताना कंपनी फार काळजी घ्यायची. आपल्याकडे १९८० च्या दशकात फुरसतगंजला सरकारी अकादमी निघाली, तिथेही प्रवेशाआधी परीक्षा, मुलाखत आणि अ‍ॅप्टिट्यूड चाचणी आली.

पण बहुतेक मुलं अजून दुसऱ्याच वाटेने जातात. आधी पैसे, मग परवाना, आणि शेवटी चाळणी. धुळे, बारामती, गोंदिया, शिरपूर, नागपूर: महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत उड्डाण शिकवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, ही चांगलीच गोष्ट. मात्र जी चाचणी १९४३ मध्ये शिकवण्याआधी द्यायची म्हणून तयार झाली, ती आपल्याकडे सगळा खर्च झाल्यावर दिली जाते. नोकरी लागली तरी एअरबसचं 'टाइप रेटिंग' म्हणून आणखी लाखो रुपये अनेकदा घरूनच. कंपन्यांच्या कॅडेट योजनांत निवड आधी होते खरी, पण पैसे पालकांचेच. जोखीम कंपनीच्या वहीतून उचलून खानदेशातल्या प्लॉटवर आणून ठेवली आहे. जुहूच्या दिवसांत खिशाची चाळणी पहिली होती, नंतर गुणांची आली, आणि आता दोन्ही आहेत.

ताईच्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर असं. परवाना म्हणजे 'हा माणूस विमान सुरक्षित उडवू शकतो' असं सरकारचं म्हणणं. नोकरी म्हणजे 'हा माणूस पंधरा वर्षांनी आमचा कप्तान होईल' असा कंपनीचा अंदाज. परवान्याने अंदाज जिंकता येत नाही, आणि अंदाज चुकला तर पोरगा नालायक ठरत नाही. बहुतेक ठिकाणी ठरावीक काळाने पुन्हा बसता येतं. तेवढ्या काळात काय करायचं? संगणकाची चाचणी सरावाने थोडी सुधारते. ग्रुपची सुधारते ती घरी बोलायला लागलं की. भाच्याला मी सांगितलंय, जेवताना बाबांचं चुकलेलं दिसलं तर नम्रपणे पण पुरतं सांगायचं. भावोजींना ही कल्पना अजून पटलेली नाही.

ज्यांची मुलं आत्ता अकरावी-बारावीत आहेत आणि वैमानिक व्हायचं म्हणतात, त्यांनी कृपा करून हा क्रम पाळा. फी भरायच्या आधी 'क्लास वन' वैद्यकीय तपासणी करून घ्या, रंगांधळेपण किंवा कानाचा दोष तिथेच कळतो. त्यानंतर एखादी चांगली अ‍ॅप्टिट्यूड चाचणी द्या. संस्थेला जाऊन विचारा: गेल्या तीन वर्षांत किती मुलं बाहेर पडली, किती महिन्यांत, आणि आज कुठे आहेत? विमान धंद्याला भरती-ओहोटी असते. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी अनुभवी माणसं रांगेत नवख्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. म्हणून कर्ज काढताना नोकरी लागायला दोन-तीन वर्षं जातील असं धरूनच हप्ता ठरवा, आणि हाताशी एखादी पदवी असू द्या.

आपल्या यादीवर एअर इंडियात, इंडियन एअरलाइन्समध्ये, सांताक्रूझच्या हँगरमध्ये आयुष्य घालवलेली वडीलधारी मंडळी आहेत हे मला माहीत आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात निवड समितीसमोर काय विचारायचे, कोण बसायचं, ते तुमच्याकडून ऐकायला आवडेल. आणि कोणी टेबलाच्या पलीकडे बसून मुलांना नाही म्हटलं असेल, तर त्यांनी तर लिहावंच. नाकारलेल्यांतला एखादा पुढे कुठे तरी भेटला का, एवढंच विचारायचं आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.

अल बर्शा, दुबई